सूरजागडच्या वाटेवर वाचलेल्या पाच कादंबऱ्या

वर्ष सरत आले की 'वर्षभरातील उत्कृष्ट कादंबऱ्या' अशा याद्या छापून येऊ लागतात. समीक्षक आपापली आवड सांगतात, प्रकाशक ती जाहिरातीत वापरतात आणि वाचक बिचारा आपण काहीच वाचले नाही म्हणून ओशाळतो. मीही यंदा यादी करणार आहे. पण आधीच कबूल करतो की, माझ्या यादीतील एकही कादंबरी गेल्या वर्षी प्रसिद्ध झालेली नाही. मी फक्त त्या गेल्या वर्षभरात वाचल्या, काही दुसऱ्यांदा वाचल्या, आणि त्या जिथे वाचल्या त्या जागेने त्यांचा अर्थ बदलून टाकला.

मी वकील आहे. चंद्रपूरहून अहेरीच्या कोर्टात पेशी असली की बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा एसटीचा प्रवास घडतो. जायला तीन-चार तास, यायला तेवढेच. आष्टीपासून पुढे समोरून लोहखनिजाचे ट्रक येऊ लागतात. खिडकी बंद केली तरी तांबडी धूळ पुस्तकाच्या पानांवर बसते. हे ट्रक एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरावरून येतात. त्या डोंगरावर माडिया आदिवासींचा ठाकूरदेव आहे. दर जानेवारीत परिसरातील गावे तिथे जत्रेला जमतात. त्याच डोंगरावर २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला. २०१६ मध्ये उत्खनन सुरू झाले आणि त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी सत्तरहून अधिक वाहने जाळली. जानेवारी २०१९ मध्ये गुरुपल्लीजवळ ट्रक व एसटी बसचा भीषण अपघात झाला, लोकांचा उद्रेक झाला, काम थांबले. २०२१ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा एक कोटी टनांवर गेली. हा झाला फाईलमधला सूरजागड. फाईलमध्ये हेक्टर असतात, टन असतात, कलमे असतात. माणूस मात्र 'अर्जदार क्रमांक तीन' एवढाच असतो. माणूस शोधायला मला कादंबरीकडे जावे लागले.

पहिली कादंबरी रणेंद्र यांची 'ग्लोबल गाँव के देवता'. ही हिंदी कादंबरी २००९ साली आली. झारखंडच्या पठारावर बॉक्साईटच्या खाणी आहेत आणि तिथे असुर जमातीचे लोक राहतात. बाहेरून नोकरीसाठी आलेला एक शिक्षक ही हकीकत सांगतो. पुराणांनी ज्यांना राक्षस ठरवले, ते असुर प्रत्यक्षात दगडातून लोखंड काढणारे कुशल लोक होते. त्यांचे कसब मोडीत निघते आणि त्यांच्याच पायाखालची जमीन खणून नेली जाते. पुराणाने माणसाला राक्षस ठरवायचे आणि मग त्याची जमीन घ्यायची, ही रीत आंबेडकरी वाचकाला नवी नाही. पण मला बोचला तो त्यातला शिक्षक. तो वाईट माणूस नाही. तरीही सुरुवातीला त्याच्या डोक्यात असुरांविषयी तेच जुने चित्र आहे. गडचिरोलीत शिक्षक, ग्रामसेवक, वकील, कारकून म्हणून आपल्या समाजातील शिकलेले लोक मोठ्या संख्येने गेले आहेत. आपल्या डोक्यातील चित्र आपण कधी तपासले काय?

दुसरी कादंबरी गोपीनाथ महांती यांची 'परजा'. मूळ उडिया, साल १९४५. लेखक स्वतः सरकारी अधिकारी होते आणि कोरापूटच्या डोंगरात त्यांनी नोकरी केली. सुक्रू जानी या परजा शेतकऱ्याची ही कथा आहे. जंगल खात्याच्या शिपायाची नजर त्याच्या मुलीवर पडते, ती जमत नाही म्हणून झाडतोडीचा ठपका येतो, दंड होतो, दंड भरायला सावकाराचे कर्ज, कर्जापायी गोठी म्हणजे वेठबिगारी, आणि मग जमीन गहाण. एकातून दुसरे कसे निघते ते लेखकाने हिशेबाच्या वहीसारखे मांडले आहे. शेवटी सावकारावर कुऱ्हाड पडते. वकील म्हणून मी विचार करीत राहिलो की, या साखळीची नेमकी कोणती कडी कायद्याने तुटली असती? उत्तर त्याच मुलखात मिळाले. जुन्या कोरापूट जिल्ह्यातून १९९२ मध्ये रायगडा जिल्हा निघाला. त्या रायगड्यात आणि शेजारच्या कालाहंडीत नियमगिरीचा डोंगर आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांसमोर ठेवायला सांगितला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. कुऱ्हाडीपासून ग्रामसभेच्या ठरावापर्यंत यायला अडुसष्ट वर्षे लागली. १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा गडचिरोलीलाही लागू आहे. २००९ मध्ये याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. म्हणजे कायदा कागदावर नाही असे म्हणता येणार नाही. कमी आहे ती तो वापरू देण्याची नियत.

तिसरी कादंबरी आपल्या घरची. विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म'. लेखक हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात राहिलेले, त्यामुळे भामरागडचे जंगल त्यांनी पाहिलेले आहे. एक माडिया तरुण बंदुकीपर्यंत कसा पोहोचतो, याची ती कथा. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. चांगलेच झाले. बंदुकीने आदिवासींचे भले झाले नाही, उलट दोन्ही बाजूंनी मेला तो आदिवासीच. पण कादंबरीचे नाव नीट वाचा. त्यात मृत्यू नाही, जन्म आहे. बंदूक संपल्याचा आनंद करताना जन्माची कारणे संपली काय, हे विचारणारा देशद्रोही कसा ठरतो?

चौथी कादंबरी नजुबाई गावित यांची 'तृष्णा'. पहिल्या तिघांपैकी कोणीही आदिवासी नाही. नजुबाई स्वतः मावची आदिवासी, धुळे-नंदुरबारकडच्या भूमिहीन मजुरांमधल्या. म्हणून या कादंबरीत आदिवासी बाई कोणाच्या दयेचा विषय होत नाही. ती काम करते, उपाशी राहते, भांडते, आणि तिचे जगणे ती स्वतः सांगते. बाहेरचा लेखक कितीही प्रामाणिक असला तरी त्याला दारातून आत पाहावे लागते. नजुबाई आतून बाहेर पाहतात. हा फरक मोठा आहे आणि आत्मकथनांनी मराठी साहित्य हलवून सोडणाऱ्या समाजाला तो समजावून सांगण्याची गरज नसावी.

पाचवी अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा'. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, हे आपण भाषणात नेहमी सांगतो. पण किती जणांनी ती शेवटपर्यंत वाचली? मी ती अहेरीच्या कोर्टाबाहेर बाकावर बसून पुन्हा वाचली. इंग्रज सरकार मांग-महारांवर हजेरी लादते, तो भाग वाचत होतो. तेवढ्यात माझ्या अशिलाचा पुकारा झाला. जामीन मिळाला. अट अशी की दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी. त्याचे गाव ठाण्यापासून पंचवीस किलोमीटर. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. जामिनाची हजेरी कायदेशीर आहे, तिची तुलना त्याच्याशी करू नये, हे मला वकील म्हणून कळते. पण आठवड्यातली एक मजुरी बुडवून पंचवीस किलोमीटर जाणाऱ्याला तो फरक कसा समजावून सांगणार?

त्याचा म्हातारा बाप माझ्या हातातील पुस्तकाकडे बघत होता. त्याने विचारले, "कायद्याचे आहे का, वकीलसाहेब?" मी म्हटले, "नाही बाबा, गोष्ट आहे." तो म्हणाला, "मग आमच्या कामाचे नाही." मला उत्तर सुचले नाही. अजून सुचलेले नाही.

पण एक गोष्ट त्यातून समजली. सूरजागडविषयी अहवाल आहेत, याचिका आहेत, बातम्या आहेत. त्या सगळ्यांना दोनच बाजू लागतात, खाणीच्या बाजूचे आणि विरोधातले. प्रत्यक्षात एकाच घरात थोरला भाऊ खाणीवर कामाला जातो आणि धाकटा ग्रामसभेत विरोधाचा ठराव मांडतो. रात्री दोघे एकाच ताटात जेवतात. थोरल्याचा पगार घराला हवा आहे आणि धाकट्याचा डोंगरही घराला हवा आहे. हे सांगायला कादंबरीच लागते, आणि ती अजून लिहिली गेली पाहिजे. ती मी लिहू नये. ती त्या घरातल्या मुलीने लिहावी, माडियात लिहावी, मराठीत लिहावी, तिला वाटेल तशी लिहावी.

आपले काम वेगळे आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. पुस्तकांसाठी घर बांधणाऱ्या त्या माणसाच्या नावाने आपण दरवर्षी मिरवणुका काढतो. चौदा एप्रिलच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च वाचवला तर एटापल्ली, भामरागडच्या आश्रमशाळेत पुस्तकांचे एक कपाट उभे राहते. त्यात या पाच कादंबऱ्या ठेवा, आणि सोबत शंभर कोऱ्या वह्या ठेवा. पुढच्या वर्षीच्या याद्यांत सूरजागडचे नाव येणार नाही, हे मला माहीत आहे. दहा वर्षांनी यावे, एवढीच अपेक्षा आहे. कपाट मात्र याच वर्षी पोहोचले पाहिजे.