नियम जमिनीवर घेतलाय



आपण लातूरहून नांदेडला एसटीने जायचो, तितक्या सहज हल्ली आपल्या मुली विमानाने येतात-जातात. तिकीट मोबाईलवर, बॅग पाठीवर. जेवणाचं विचारलं की उत्तर तयार असतं, "जैन मील बुक केलंय ना, आई!" विमान कंपन्यांच्या भाषेत आपल्या जेवणाला 'व्हीजेएमएल' असं खास नावच आहे. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. छानच सोय झाली. पण बटण दाबलं की नियम पाळून झाला, हे काही मला पटत नाही.

आमच्या वेळी विमान म्हणजे केवढं अप्रूप होतं! देशातल्या देशात उडायचं तर इंडियन एअरलाइन्स, आणि लातूर-नांदेडकरांनी विमान गाठायचं ते हैदराबादला बेगमपेटला नाहीतर औरंगाबादला चिकलठाण्याला. 1981 च्या फेब्रुवारीत श्रवणबेळगोळला बाहुबली भगवानांच्या मूर्तीचा सहस्राब्दी महामस्तकाभिषेक होता. त्या सोहळ्यात इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी केली होती. आमच्या घरातले बाकीचे सगळे रेल्वेने गेले. मामाजींचे गुडघे धरलेले, म्हणून ते, आत्याबाई आणि सोबतीला मी, नवीन सून, असे तिघं हैदराबादहून बेंगळुरूला विमानाने.

निघताना अर्धी गल्ली अंगणात. कुणी नारळ देतंय, कुणी हातावर दही-साखर ठेवतंय. आत्याबाईंनी नेसलं होतं नवंकोरं इरकल आणि मांडीवर पितळी डबा. दशम्या, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, रव्याचे लाडू. विमानात हवाईसुंदरी गोळ्या आणि कापूस घेऊन आली. आत्याबाईंनी कापूस वाती वळायला म्हणून पिशवीत टाकला आणि गोळी मात्र हातात फिरवत बसल्या, "यात काय घालतात, तिला विचार बरं." मग "व्हेज की नॉनव्हेज" हा प्रश्न आला. त्यांनी डोळे मिटून णमोकार सुरू केला. ती बिचारी घाबरली. तिला वाटलं, आजींना भोवळ आली. तिने पाणी आणलं, तर आत्याबाई डोळे उघडून म्हणाल्या, "गाळलेलं आहे का?"

खरी गंमत पुढेच. आमचं जेवण विमानतळावरच उरकलं होतं. वर गेलो तर खाली अंधारलेलं आणि खिडकीत सूर्य अजून लाल! मामाजींची नजर डब्याकडे गेली. "अहो, दिवस मावळला कुठंय? एक लाडू चालेल की." आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "खाली दिवे लागले. नियम जमिनीवर घेतलाय, ढगात नाही."

मामाजींचं म्हणणं काही खोटं नव्हतं. दहा किलोमीटर उंचीवर सूर्यास्त जमिनीपेक्षा दहा-बारा मिनिटं तरी उशिरा दिसतो. विमान पश्चिमेला चाललं असेल तर आणखी उशिरा. शास्त्राच्या हिशेबाने लाडू बसला असता. पण नियम आपण सूर्याला पकडायला घेत नाही, आपल्या जिभेला आवरायला घेतो. खिडकीत सवलत शोधायला लागलं की ती प्रत्येक खिडकीत सापडते.

विमानात बसायचं की नाही, यावर आपल्या समाजात मोठा विचार झालेला आहे. साधू-साध्वी आजही पायीच विहार करतात. 1975 साली सुशीलकुमार मुनी विमानाने अमेरिकेला गेले, तेव्हा केवढा वाद झाला होता! 1980 मध्ये आचार्य तुलसींनी तेरापंथात समण-समणींची वेगळी श्रेणी सुरू केली आणि त्यांना वाहनाने जायची मोकळीक ठेवली. म्हणजे बदल झाला, पण विचार करून, उघडपणे झाला. कुणी गुपचूप खिडकीचा आधार घेतला नाही.

आता विमान आपल्या दारात आलंय. 2008 च्या गुरुता गद्दी सोहळ्यासाठी नांदेडचा विमानतळ नव्याने सजला. 2017 मध्ये 'उडान' योजनेत हैदराबाद-नांदेड विमान सुरू झालं. मधे सेवा बंद पडते, परत सुरू होते, ते वेगळं. लातूरला धावपट्टी आहे, नियमित विमान तेवढं टिकत नाही. तरी जाणं-येणं वाढणारच, आणि मला त्याचा आनंदच आहे. लेकी उडू देत.

फक्त एवढं करा. काय पाळायचं आणि काय सोडायचं, ते घरून निघतानाच ठरवा. रात्री उशिराचं विमान असेल तर दिवसा जेवून निघा. मुलाखत आहे, परदेशचा लांबचा पल्ला आहे, तब्येत बरी नाही, नियम जमणार नाही असं वाटलं तर तसं मोकळेपणाने म्हणा, त्यात कमीपणा नाही. जैन मील आदल्या दिवसापर्यंत सांगून ठेवा, पण छोट्या प्रवासात जेवण मिळेलच असं नाही, म्हणून खाकऱ्याचा डबा सोबत असू द्या. शेजारचीला द्यायला दोन जास्तीचे ठेवा. आणि घरात अजून विमानात न बसलेली एखादी आत्याबाई असेल, तर खिडकीची जागा तिला द्या.