गाभा क्षेत्रातील गावांचा निर्णय कोणाचा?

जून २०२४ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र पाठवून व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रांत अजून राहणाऱ्या ५९१ गावांचे, म्हणजे ६४,८०१ कुटुंबांचे पुनर्वसन प्राधान्याने करण्यास सांगितले. आदिवासी संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि चर्चा पुन्हा ‘वाघ की माणूस’ या जुन्या वादात अडकली. त्या वादात खरा प्रश्न हरवतो. जंगलाची हद्द आखली जाते तेव्हा वाघाला जागा मिळतेच. पण त्या हद्दीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनी यापुढे कोण म्हणून ओळखले जायचे आणि कोणापुढे अर्ज घेऊन उभे राहायचे, हेही त्याच वेळी ठरून जाते. ते एकट्या वनखात्याने ठरवावे, याला माझा विरोध आहे.

मेळघाट घ्या. १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्प योजनेतील पहिल्या नऊ जंगलांपैकी हे एक. इथला कोरकू आदिवासी शेती करी, मोह वेची. गवळी गुरे राखी. ही रोजची कामे पुढे खात्याच्या नोंदींत अतिक्रमण आणि अवैध चराई ठरली, आणि गाव उठले की तीच माणसे पुनर्वसनाची ‘लाभार्थी’ झाली. कबूल केलेल्या जमिनी आणि सोयी मिळाल्या नाहीत असे सांगत, अकोट परिसरात हलवलेली कुटुंबे जुन्या गावी परतली, तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा वनकर्मचारी व पोलिसांशी संघर्ष झाला. दोन्हीकडची माणसे जखमी झाली. आपल्याच गावात परतणे हा गुन्हा कसा झाला, हे त्या कुटुंबांना कोणत्या तोंडाने समजावणार? ज्या २००६ च्या वनहक्क कायद्याने ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले, त्यानेही शेजाऱ्या-शेजाऱ्यांत एक रेघ ओढली. कोरकूला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. गवळी अनुसूचित जमातीत नसल्याने त्याला तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. गुरांमागे रानोमाळ फिरलेल्या माणसाकडे इतका जुना कागद कुठून येणार? एकाच रानावर जगलेल्या दोघांचे नाते आता जातीच्या दाखल्यावरून मोजले जाते.

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा व्याघ्र प्रकल्पात सत्तेचे वेगळे रूप दिसते. ज्या गोंड देवतेवरून जंगलाला नाव पडले, तिचे ठाणे तळ्याकाठी गाभा क्षेत्रात आहे. तिथे पूजेला जायचे तर भाविकांना खात्याच्या परवानगीवर अवलंबून राहावे लागते. पर्यटनाने प्रवेशद्वाराजवळच्या गावांत गाइडची, जिप्सी चालवण्याची कामे आणली. ही मिळकत खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण रस्त्यालगत जमीन आणि गाठीशी भांडवल असलेल्याला तिचा मोठा वाटा जातो. मोह आणि तेंदूपत्ता गोळा करणाऱ्या बाईच्या हाती फारसे काही लागत नाही. रोज किती गाड्या सोडायच्या हे ग्रामसभा ठरवत नाही. गावासाठी स्थापन झालेल्या परिस्थितिकी विकास समितीचे सचिवपदही वनखात्याच्याच कर्मचाऱ्याकडे असते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. वाघिणीला पिल्ले वाढवायला निवांत जंगल लागते, आणि चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांत दरवर्षी माणसे मरतात. तेव्हा वस्ती हलवणे दोघांच्याही हिताचे, हा पहिला. अनेक कुटुंबांना स्वतःच बाहेर पडायचे आहे, हा दुसरा. पुनर्वसन होऊच नये असे कायदाही म्हणत नाही. मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याचे २००६ मध्ये घातलेले कलम ३८ व्ही आधी हक्कांची निश्चिती मागते, सहजीवन अशक्य असल्याचा शास्त्रीय निष्कर्ष मागते, आणि ग्रामसभेची व त्या कुटुंबांची माहितीपूर्ण संमती मागते. गाभ्यातल्या गावाला रस्ता, वीज, दवाखाना देताना वर्षानुवर्षे वनकायद्यांचे अडथळे दाखवले जातात. मग तिथले लोक थकून ‘आम्हाला बाहेर काढा’ म्हणतात. हा थकवा संमती म्हणून मोजणे अन्यायाचे आहे. हक्काचा दावा मंजूर झालेला माणूस आणि तो प्रलंबित असलेला माणूस एकाच कागदावर सही करतात, तरी दोघांची सौदा करण्याची ताकद सारखी नसते. कर्नाटकातील बिळिगिरी रंगस्वामी मंदिर व्याघ्र प्रकल्पात २०११ मध्ये सोलिगा आदिवासींच्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. तिथे वाघ आजही आहेत. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीरच्या ग्रामसभेने उजाड टेकडी पुन्हा हिरवी केली आणि २०१४ चा भारत जैवविविधता पुरस्कार मिळवला. तो परिसर व्याघ्र प्रकल्पात येत नाही, हे खरे. तरीही अधिकार मिळाला की गाव जंगल ओरबाडेल, या गृहीताला तिथला अनुभव छेद देतो.

म्हणून त्या ५९१ गावांपैकी महाराष्ट्रात जी येतात, त्या प्रत्येकाबाबत राज्य सरकारने तीन कागद जाहीर करावेत: वैयक्तिक व सामूहिक दाव्यांची सद्यस्थिती, सहजीवन अशक्य ठरवणारा शास्त्रीय अहवाल, आणि ग्रामसभेचा ठराव, तोही गावच्या बोलीत वाचून दाखवल्याच्या नोंदीसह. यांतला एक जरी कागद नसेल, तर त्या गावाच्या स्थलांतराची प्रक्रिया थांबवावी. ही मागणी वाघांसाठी झटणाऱ्या संस्थांनीही लावून धरायला हवी, कारण मेळघाटसारखा संघर्ष पुन्हा पेटला तर गस्तीवरचा वनरक्षक आणि परतलेला कोरकू, दोघांचेही रक्त सांडेल.