पँथरचं नाव घेतलं, रक्ततपासणी कुठे राहिली?



चाकण-भोसरीच्या कंपन्यांत विदर्भातून आलेली आपली पोरं कंत्राटावर राबतात. त्यातल्या एखाद्याचे सांधे थंडीत, रात्रपाळीत असे ठणकतात की उभं राहवत नाही. डोळे पिवळे पडतात. चिंचवडचा डॉक्टर कधी संधिवात म्हणतो, कधी कावीळ. गावाकडे करणी म्हणतात, सुपरवायझर कामचोर म्हणतो. मग तो रात्री मोबाईलवर अनोळखी माणसांना विचारत बसतो, 'असं कुणाला होतं का?'

त्या दुखण्याचं नाव सिकलसेल असू शकतं. नागपूर भागात त्याची नोंद १९५८ मध्येच झाली. विदर्भातल्या बौद्धांत आणि आदिवासींत त्याचं प्रमाण मोठं आहे. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन जुलै २०२३ मध्ये सुरू झालं, लक्ष्य आदिवासी भागातले ७ कोटी लोक. ते व्हायलाच हवं. पण चिंचवडच्या भाड्याच्या खोलीतला बौद्ध कामगार त्या नकाशावर कुठे आहे?

'यांचं रक्तच वेगळं' असं कुणी म्हणेल, तर ते साफ खोटं. हा दोष मलेरियाच्या प्रदेशांत टिकला. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही आहे. आपल्याकडे तो जातीच्या भिंतीआड साचला. जातीतच लग्न हा जातीचा गाभा, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबियात मांडलं होतं. आणि आपण? वधू-वर मेळाव्यात अजून पोटजात विचारतो आणि रक्ताचा रिपोर्ट लपवतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के, हे मात्र कुणी सांगत नाही.

निदान झालं तर हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके कमी होतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हा आजार आहे. निदानाचा कागद नसेल तर यातलं काहीच मिळत नाही. ईएसआयचा आजारपणाचा भत्ता हवा तर सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी लागते. ठेकेदाराने मध्येच ब्रेक दिला की तोही हुकतो.

१९७१ पासून अमेरिकेत ब्लॅक पँथर वस्त्यांत जाऊन सिकलसेलची मोफत तपासणी करत होते. सरकारने कायदा केला तो १९७२ मध्ये, त्यांच्यानंतर. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव आपण घेतलं, ते काम घेतलं नाही.

वायसीएम आणि मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात असा रुग्ण आला की त्याचा मूळ जिल्हा विचारून ही तपासणी व्हावी, हे निवेदन महापालिकेला आणि ईएसआयला द्या. आणि १४ एप्रिलला पिंपरीच्या आंबेडकर चौकात एक डीजे कमी लावा. त्या जागेत एक टेबल, एक लॅब टेक्निशियन आणि सॉल्युबिलिटी टेस्टचे किट आरामात मावतात.