मुक्काम हाही उपचारच

सिंधुदुर्गातल्या जामसंडेहून मुंबईला उपचारासाठी निघालेल्या कर्करुग्णाच्या कुटुंबापुढे तीन खर्च उभे असतात: औषधोपचाराचा, प्रवासाचा आणि मुक्कामाचा. पहिल्या दोन्हींत सरकारने हात दिला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार येतात. आयुष्मान भारत योजनेशी जोडणी झाल्यावर संरक्षणाची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपये झाली आहे. रेल्वे कर्करुग्णाला शयनयान डब्यात पूर्ण तिकीट माफ करते, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सवलत देते. तिसऱ्या खर्चाची तरतूद मात्र कोणत्याच योजनेत नाही. कणकवलीला किंवा नांदगावला रात्रीच्या गाडीत बसलेला रुग्ण पहाटे दादरला उतरतो, दिवसभर परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात रांगा लावतो, आणि संध्याकाळी बाहेर आल्यावर रात्र कुठे काढायची हे त्याला ठाऊक नसते. परळच्या पदपथांवर पथारी टाकून झोपलेले रुग्ण आणि नातेवाईक मुंबईने वर्षानुवर्षे पाहिले आहेत. त्यांची सोय करणे हे दानशूरांचे काम आहे, असे आजवर धरले गेले. ही समजूत बदलायला हवी. कर्करुग्णाचा आणि त्याच्या सोबत्याचा मुक्काम हा उपचाराचाच भाग आहे आणि तो उपचाराच्याच खर्चात धरला गेला पाहिजे.

असे म्हणण्याला वैद्यकीय आधार आहे. कर्करोगाचे बरेचसे उपचार आता रुग्णाला दाखल न करता होतात. किरणोपचार बहुतेकदा आठवड्यातून पाच दिवस असे कित्येक आठवडे चालतात. तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पाच ते सात आठवडे. रोजचा प्रत्यक्ष उपचार काही मिनिटांचा. केमोथेरपीची बाटली काही तासांत संपते आणि रुग्णाला सोडले जाते. खाटा शस्त्रक्रियेच्या आणि गंभीर रुग्णांसाठी मोकळ्या राहाव्यात म्हणून हे योग्यच आहे. पण दाखल रुग्णाला खाट, जेवण आणि परिचारिका रुग्णालय देते; बाह्यरुग्णाला यातले काही मिळत नाही. परळ किंवा दादरला राहणाऱ्याला याने फरक पडत नाही. देवगड तालुका मुंबईपासून चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तिथल्या माणसाला काही मिनिटांच्या उपचारासाठी दीड-दोन महिने मुंबईत राहावेच लागते.

राहायचे म्हणजे केवळ पाठ टेकायची नव्हे. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. रात्री ताप चढला तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे लागते. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला नाकातल्या नळीतून पातळ अन्न द्यावे लागते. पेज शिजवायला, गाळायला आणि नळी स्वच्छ ठेवायला चूल आणि पाणी हवे. जखमेची पट्टी बदलायला आडोसा हवा. हे पदपथावर जमत नाही, आणि स्वस्त लॉजच्या एका खाटेवरही जमत नाही. मग पैसे संपतात, सोबत आलेली बायको किंवा मुलगा थकतो आणि कुटुंब म्हणते, चार दिवस गावी जाऊन येऊ. किरणोपचारात असा खंड पडला की गाठ आवरण्याची शक्यता घटते, हे तोंड-घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात सिद्ध झालेले आहे. म्हणजे सरकारने लाखो रुपये मोजलेला उपचार एका खोलीवाचून वाया जाऊ शकतो.

कोकणातल्या माणसावर ही वेळ पूर्वी एवढ्या कठोरपणे येत नव्हती. टाटा रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला सुरू झाले, ते गिरणगावाच्या मध्यावर. आजूबाजूला लालबाग, शिवडी, भोईवाडा, काळाचौकी. या वस्त्यांतल्या चाळींत रत्नागिरीचा, मालवणचा, देवगडचा गिरणी कामगार राहत होता. दहा बाय बाराच्या खोलीत गावचे दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीने झोपत. कुठे गावमंडळाची सामाईक खोली असे. गावाहून आजारी माणूस आला की कुणीतरी आपली वळकटी गॅलरीत हलवी, खाणावळवाली मावशी त्याच्यासाठी मऊ भात वेगळा काढी आणि कामावरून सुटलेला पुतण्या त्याला चालत रुग्णालयात नेई. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनी विकल्या गेल्या, चाळींचे टॉवर झाले आणि चाकरमानी विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूरकडे सरकला. नाती तुटली नाहीत, पण रुग्णालयापासून फार लांब गेली. पांढऱ्या पेशी घसरलेल्या रुग्णाने दिव्याहून परळपर्यंत गर्दीच्या लोकलमधून रोज ये-जा करावी, अशी अपेक्षा कोणताच डॉक्टर करणार नाही. परळच्या चाळींतला हा आधार गेला आणि त्याच्या जागी सार्वजनिक अशी दुसरी व्यवस्था कुणी उभी केली नाही.

जे उभे राहिले ते बहुतांशी सेवाभावी संस्थांच्या बळावर. महाराष्ट्रात या कामाला जुनी परंपरा आहे. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या गरिबांच्या नातेवाइकांसाठीही धर्मशाळा उभी केली. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज शेकडो कर्करुग्णांना आणि त्यांच्या सोबत्यांना आसरा देते. 1968 पासून काम करणारी नाना पालकर स्मृती समिती परळमध्येच रुग्णसेवा सदन चालवते. वांद्र्याला टाटा रुग्णालयाचे डॉ. अर्नेस्ट बोर्जिस स्मारक निवास आहे. टाटा रुग्णालयात आयुष्य वेचलेले हे शल्यचिकित्सक आपल्या शेजारच्या गोव्याचे. रुग्णालयासमोरचा रस्ताही त्यांच्याच नावाचा. लहान मुलांसाठी 2006 पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था विनामूल्य निवास चालवते. राहायला जागा नाही म्हणून आईवडील मुलांचे उपचार अर्धवट सोडून गावी परततात, हे पाहूनच ती संस्था सुरू झाली. या सर्वांचे ऋण मोठे आहे. परंतु देशभरातून येणाऱ्या रुग्णांपुढे या खोल्या अपुऱ्या आहेत. शिवाय बहुतेक ठिकाणी रुग्णालयाचे पत्र आणि केसपेपर दाखवल्यावरच नाव नोंदवले जाते. त्यामुळे निदान होईपर्यंतचे दिवस, म्हणजे कुटुंब सर्वाधिक घाबरलेले आणि सर्वाधिक अनोळखी असते तो काळ, छपराविना जातो.

सरकारने प्रयत्नच केला नाही असे नाही. मे 2021 मध्ये म्हाडाच्या 100 सदनिका टाटा रुग्णालयाला रुग्णांच्या नातेवाइकांसाठी देण्याचा कार्यक्रम झाला. या सदनिका रुग्णालयापासून जवळच, लालबाग-परळ भागातल्या पुनर्विकसित इमारतींत होत्या. रहिवाशांनी हरकत घेतली आणि जून महिन्यात तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्णयाला स्थगिती दिली. लगेच तत्कालीन गृहनिर्माणमंत्री जितेंद्र आव्हाड यांनी भोईवाड्यातील बॉम्बे डाइंगच्या जागेवरील म्हाडा इमारतीत पर्याय जाहीर केला. या प्रसंगातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिले असे की, कर्करोग संसर्गाने पसरत नाही. जिन्यात भेटलेल्या रुग्णापासून शेजाऱ्याला धोका नसतो, धोका असलाच तर तो शेजाऱ्याच्या सर्दी-खोकल्यापासून रुग्णाला असतो. हे लोकांपर्यंत आधी पोहोचवायला हवे होते. दुसरे असे की, रुग्णनिवास एखाद्या मंत्र्याच्या पुढाकारावर अवलंबून राहिले की एका हरकतीने अडते. गिरण्यांच्या जमिनींवर, सार्वजनिक भूखंडांवर आणि मोठ्या रुग्णालयांच्या विस्तारात रुग्णनिवासाची जागा आराखड्यातच राखून ठेवली तर हा वाद उद्भवणारच नाही.

आपण काही अजब मागत आहोत असेही नाही. न्यूझीलंडमध्ये दूरच्या गावाहून तज्ज्ञ उपचारांसाठी शहरात जाणाऱ्या रुग्णाला राष्ट्रीय प्रवास साहाय्य योजनेतून प्रवासाबरोबर मुक्कामाच्या खर्चालाही सरकारी मदत मिळते, आणि गरजेनुसार सोबत्यालाही. तिथल्या कर्करोग संस्था शहरांत रुग्णनिवास चालवतात. तशा निवासांचे काम पाहून आलेल्या मार्गोट फ्रॉयडनबर्ग या बाईंच्या आग्रहामुळे अमेरिकेत 1970 साली चार्ल्सटन येथे पहिले ‘होप लॉज’ उघडले. आपल्या जन आरोग्य योजनेत तर याची सुरुवात आधीच झालेली आहे. दाखल रुग्णाच्या पॅकेजमध्ये रुग्णालयातले जेवण आणि घरी परतण्याचे गाडीभाडे धरलेले असते. रुग्ण घरी पोहोचावा म्हणून परतीचे भाडे जे शासन देते, त्याने उपचार पूर्ण व्हावा म्हणून मधल्या रात्रींचे पैसेही द्यावेत, एवढीच ही मागणी आहे.

म्हणून राज्य सरकारने जन आरोग्य योजनेत निवासभत्त्याची भर घालावी. शंभर किलोमीटरहून लांबून येणाऱ्या, दाखल न होता किरणोपचार किंवा केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णासाठी आणि एका सोबत्यासाठी दर रात्रीचा ठरावीक दर असावा, आणि तो नोंदणीकृत धर्मशाळेला थेट मिळावा. त्यामुळे कुटुंबाला आधी खिशातून भरून मागाहून बिलांमागे धावावे लागणार नाही, आणि धर्मशाळांना खोल्या वाढवण्याइतके निश्चित उत्पन्न मिळेल. परळबरोबर खारघरचाही विचार व्हावा. तिथे टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक हे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र आहे, पनवेल स्थानक जवळ आहे आणि आपल्या गाड्या पनवेलला थांबतात. सिंधुदुर्गच्या रुग्णाला ते परळपेक्षा सोयीचे आहे.

दुसरा अर्धा भाग आपल्या जिल्ह्यातच करायचा आहे. मुंबईतला मुक्काम जितका कमी करता येईल तितका करणे ही खरी सोय. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील तीन वर्षांत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोग डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली, त्यांतली 200 पहिल्याच वर्षी. ओरोस येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिली तपासणी आणि उपचारांची आखणी टाटामध्ये, पण पुढच्या केमोथेरपीच्या फेऱ्या, रक्ततपासण्या आणि पाठपुरावा ओरोसला, अशी विभागणी करता येते. 2012 साली स्थापन झालेले राष्ट्रीय कर्करोग जाळे देशभरच्या रुग्णालयांत उपचारांची पद्धत एकसारखी व्हावी यासाठीच आहे. आपल्या लोकप्रतिनिधींनी जिल्ह्यातल्या डे-केअर केंद्रासाठी विधानसभेत आणि संसदेत विचारत राहावे. जिल्हा रुग्णालयात एक समाजसेवा कक्षही असावा. देवगड-जामसंड्याचा रुग्ण गाडीत बसण्यापूर्वीच त्याची कागदपत्रे तपासली जावीत, रेल्वे सवलतीची माहिती मिळावी आणि मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यातले बांबोळी, जिथे जायचे तिथल्या खोलीची सोय ठरावी. त्याला खर्च फार नाही; एक जबाबदार माणूस आणि एक दूरध्वनी पुरेल. बांबोळीच्या बाबतीत तर 2018 च्या सुरुवातीला गोव्याने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले तेव्हा आपल्या जिल्ह्याची जी धावपळ झाली, ती आपण विसरता कामा नये. शेजारच्या राज्यावर विसंबताना आपल्या सरकारने लेखी व्यवस्था करून ठेवली पाहिजे.

सोबत जाणाऱ्या माणसाकडेही पाहिले पाहिजे. आपल्याकडे रोगाचे निदान आंब्याच्या हंगामाची वाट पाहत नाही. फेब्रुवारी ते मे या काळात मुंबईत दोन महिने काढायचे म्हणजे छोट्या बागायतदाराच्या हातून वर्षाचे उत्पन्न जाणे, आणि खलाशाच्या हातून मजुरी. या भीतीने रुग्णच म्हणतो, हंगाम होऊ दे, मग बघू. तोवर गाठ वाढलेली असते. नुसता मुक्कामाचा खर्च सुटला, तरी बरीच कुटुंबे वेळेवर गाडीत बसतील.

अखेरचे आवाहन मुंबईतल्या आपल्या माणसांना. देवगड तालुक्यातील जवळजवळ प्रत्येक गावाचे मुंबईत मंडळ आहे. या मंडळांनी गावात शाळा बांधल्या, रस्ते आणले, देवळांचे जीर्णोद्धार केले, सभामंडप उभारले. गिरणगावातल्या सामाईक खोल्या ज्यांच्या वडिलांनी चालवल्या, त्यांची ही पिढी आहे. एकेका मंडळाला परळ किंवा खारघरला खोली घेणे परवडणार नाही. तालुक्याच्या सर्व मंडळांनी मिळून चार खोल्या घेणे अशक्य नाही. त्यांत स्वयंपाकाची सोय असावी, अटी सोप्या असाव्यात आणि केसपेपर नसलेल्या पहिल्या दिवसांच्या रुग्णालाही दार उघडे असावे. आंबा बागायतदारांच्या सहकारी संस्था, पतसंस्था आणि नगरपंचायत यांनी त्यात वाटा उचलावा. शासनाकडे निवासभत्ता मागण्याचा आपला हक्क आहे आणि तो आपण मागत राहूच. पण तो मंजूर होईपर्यंत रुग्ण थांबणार नाहीत. पुढच्या गणेशोत्सवात चाकरमानी गावी येतील तेव्हा प्रत्येक मंडळाच्या सभेत हा एक विषय घ्यावा, आणि वर्षभरात पहिली खोली सुरू करावी.