फुकटाची जकात

फुकट मिळणाऱ्या वस्तूस नांवें ठेवणें हें आपल्या समाजांत कृतघ्नपणाचें लक्षण समजतात. म्हणूनच एखादी कंपनी गरिबांस इंटरनेटचा एक तुकडा विनामूल्य देऊं करते आणि आमच्यासारखे लोक त्यास विरोध करितात, तेव्हां ‘पोट भरलेल्यांनीं भुकेल्याच्या ताटांतील घास काढूं नये,’ असा उपदेश आम्हांस ऐकावा लागतो. या उपदेशाचा नीट विचार करणें अवश्य आहे. कारण हा वाद कायमचा मिटला, ही सर्वसाधारण समजूत आमच्या मतें खरी नाहीं.

प्रथम घडलें काय तें सांगतों. फेब्रुवारी २०१५ मध्यें फेसबुकनें रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्यानें ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही योजना या देशांत आणली. पुढें तिचें नांव ‘फ्री बेसिक्स’ झालें. निवडक संकेतस्थळें पाहण्यास डेटाचा पैसा पडणार नव्हता, बाकी सर्व इंटरनेटला पडणार होता. आणि निवडीच्या अटी ठरविणारें फेसबुकच होतें. एप्रिलमध्यें एअरटेलनें ‘एअरटेल झीरो’ पुढें केली. तींत ग्राहकाच्या डेटाचा खर्च ॲपच्या मालकानें सोसावयाचा होता. लोक जागे झाले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे १० लाखांहून अधिक ईमेल गेले. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं प्राधिकरणानें नियम केला कीं, मजकूर पाहून डेटाचा दर कमीअधिक करतां येणार नाहीं. केल्यास दिवसास ५० हजार रुपये, आणि जास्तींत जास्त ५० लाख रुपये दंड होईल.

इंग्रजींत यास ‘नेट न्यूट्रॅलिटी’ असें भारदस्त नांव असलें, तरी तत्त्व आपल्या परिचयाचें आहे. १८५४ च्या टपाल कायद्यानें पत्राच्या दरांतून अंतराचा हिशेब काढून टाकिला, आणि हिंदुस्थानांत कोठेंही पत्र धाडण्याचा दर केवळ वजनावर, अर्ध्या आण्यापासून पुढें, ठेविला. टपालवाला पाकीट तोलतो; तें कोणीं लिहिलें, हें पाहून दर सांगत नाहीं. अधिक डेटा वापरणारानें अधिक पैसे द्यावे, जलद जोडणी हवी असेल त्यानें जास्त मोजावें, याबद्दल आमची तक्रार नाहीं. ‘किती’ हें विचारण्याचा वाहकास अधिकार आहे. ‘कोणाचें’ हें विचारण्याचा नाहीं.

यावर कोणी म्हणेल, टपालखात्यानेंही वर्तमानपत्रांस सवलतीचा दर दिला होता. दिला होता खरा. परंतु तो नोंदणी झालेल्या प्रत्येक पत्रास, जाहीर नियमानें, सारखाच होता. संपादकानें पोस्टमास्तरांशीं करार केला म्हणून एका पत्रास सवलत आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यास पूर्ण दर, असा तो व्यवहार नव्हता.

डिसेंबर २०१५ मध्यें मार्क झुकरबर्ग यांनीं ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्यें लेख लिहून आपल्या योजनेस ग्रंथालयाची उपमा दिली. ग्रंथालयांत सर्वच पुस्तकें नसतात, तरी जीं असतात त्यांनीं कल्याणच होतें, असा त्यांचा मुद्दा. उपमा मोहक आहे, पण लागू पडत नाहीं. गांवचें वाचनालय चालविणारी मंडळी स्वतः पुस्तकविक्रीचा धंदा करीत नाहींत. येथें तर ग्रंथपाल हाच सर्वांत मोठा दुकानदार होता.

आतां गरिबांचा मुद्दा. ‘कांहीं नसण्यापेक्षां थोडें बरें’ हें म्हणणें आम्ही हलकें मानीत नाहीं. परंतु अनुभव काय सांगतो? नियमानंतर सातच महिन्यांनीं, ५ सप्टेंबर २०१६ रोजीं, जिओ सुरू झाली. चढाओढींत डेटाचे दर कोसळले आणि संपूर्ण इंटरनेट खेड्यांतील मुलाच्या हातीं आलें. हें नियमामुळें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. तें भांडवलाचें युद्ध होतें आणि त्यांत पुष्कळ कंपन्या बुडाल्या. पण गरिबास स्वस्त देण्यासाठीं त्याच्याभोंवतीं कुंपण घालावें लागत नाहीं, इतकें त्यानें सिद्ध झालें. उलट, आज देशव्यापी खाजगी कंपन्या तीनच उरल्या असतां नियमाची गरज वाढली आहे.

कुंपणाची किंमत जो भरतो तो तेथें हजर नसतो. मराठींत गणिताचे धडे तयार करून ठेवणारा शिक्षक, एखाद्या छोट्या मासिकाचा संपादक, नवा प्रकाशक, यांनीं कोणत्या कंपनीशीं करार करावा? त्यांच्या दाराशीं येणाऱ्या वाचकास पैसे पडणार आणि शेजारच्या धनाढ्याचें दार फुकट उघडणार. आणि ज्या विद्यार्थ्याचें जग त्या फुकट अंगणापुरतें राहील, त्यास आपण काय पाहिलें नाहीं हें कधीं कळणारही नाहीं.

फ्री बेसिक्स येथून गेलें, तरी जकात नव्या नांवानें परत येऊं पाहत आहे. २०२३ मध्यें दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेनें मागणी केली कीं, ज्यांच्या सेवांमुळें फार डेटा वाहतो त्या बड्या कंपन्यांनीं जाळ्याच्या खर्चाचा ‘न्याय्य वाटा’ उचलावा. ग्राहकानें ज्या डेटाचे पैसे आधींच दिले, त्याचेच पुन्हा दुसऱ्या टोकाकडून घेणें यांत न्याय कोणता? दक्षिण कोरियांत असें शुल्क रूढ झालें. तेथून ट्विच ही ॲमेझॉनच्या मालकीची सेवा फेब्रुवारी २०२४ मध्यें निघून गेली, आणि इतर बहुतेक देशांच्या दहापट शुल्क पडतें, असें कारण तिनें दिलें. ॲमेझॉनची ही गत, तर आमच्या शिक्षकाची काय? आज बड्यांकडून घ्या म्हणतात. म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, काळ सोकावतो.

अमेरिकेंत हा नियम २०१५ मध्यें झाला, २०१७ मध्यें मोडला, २०२४ मध्यें परत आला आणि जानेवारी २०२५ मध्यें न्यायालयानें रद्द केला. आपल्याकडे तो प्राधिकरणाच्या आदेशावर आणि परवान्याच्या अटींवर उभा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यांत तो स्पष्ट शब्दांनीं घातलेला नाहीं. संसदेनें तो कायद्यांत लिहावा, एवढीच आमची मागणी आहे. एका आदेशानें जें मिळालें तें दुसऱ्या आदेशानें जाऊं शकतें, आणि तें जाईल त्या दिवशीं बहुधा आपल्या हातांत कांहींतरी फुकट ठेवलेलें असेल.