हरण्या आणि पंचनामा

चवथ जवळ आली की माटोळीला बांधावयाच्या केळीच्या घडाची चौकशी आपल्याकडे घरोघर सुरू होते. त्याच श्रावण-भाद्रपदात तापीकाठच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातील केळीबागायतदारास मात्र निराळीच चिंता ग्रासते. आभाळ झाकोळलेले राहिले, पावसाची झड लागली, की कोवळ्या केळीच्या पानांवर पिवळसर पट्टे उमटतात, पाने आकसतात आणि पोंगा सडू लागतो. शास्त्रज्ञ या विषाणूला कुकुंबर मोझॅक म्हणतात. सीमेअलीकडील रावेर-यावलचा शेतकरी या रोगाला हरण्या म्हणतो.

या रोगाला औषध नाही, ही गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. तो पसरवितो मावा. रोगट पानाचा रस चाखलेला मावा निरोगी पानावर बसला, की काही क्षणांतच विषाणू तेथे उतरतो. फवारणीने मावा मरतो हे खरे. परंतु मरण्यापूर्वी त्याचे काम उरकलेले असते! तरीही औषधांचे डबे रिते होतात, उधारी वाढते आणि माव्याला खाणारे मित्रकीटकही त्यात नाहीसे होतात.

उपाय साधेच आहेत. रोपे विषाणुमुक्त असावीत, केळीच्या आसपास काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो लावू नयेत, तण राखू नये, आणि रोगट झाड दिसताच ते मुळासकट उपटून नष्ट करावे. अडचण आहे ती या शेवटच्या गोष्टीत. ठिबक, खत आणि महागडे रोप यांवर पैसा ओतलेला शेतकरी पहिल्याच दिवशी झाड उपटतो, तेव्हा तो शेजाऱ्याची बाग वाचवितो आणि नुकसान मात्र स्वतः सोसतो. पटवारी किंवा तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत त्याच्या शेतात दाखवावयास काही उरत नाही. ज्याने रोग उभा ठेवला, त्याचीच नोंद होते.

आमच्या मते मध्य प्रदेश व महाराष्ट्र या दोन्ही सरकारांनी उपटलेल्या झाडामागे एकच दर ठरवावा, गावातल्या गावात त्याच दिवशी नोंद करण्याची सोय करावी, आणि हे सर्व पावसाळ्यापूर्वी जाहीर करावे. रोपवाटिकांची तपासणीही दोन्ही राज्यांनी मिळूनच केली पाहिजे. रावेरचा मावा बऱ्हाणपुरास जाण्यासाठी परवाना काढीत नाही.

आपल्या कुळागरांतही केळीचा पर्णगुच्छ रोग माव्यामुळेच पसरतो. तेथे नवे मुनवे बहुधा सोयऱ्याधायऱ्यांच्या परसातूनच येतात. ते कोणत्या केळीचे, एवढे तरी घेण्यापूर्वी पाहावे.