टायर खोटं बोलत नाही

गाडी खाली बसवली की माणसाचा भाव वर जातो. निदान आमच्या थेरगावात तरी. डांगे चौकाच्या सिग्नलला माझी पिकअप थांबली की शेजारचा बाइकवाला आधी चाकांकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. हिंजवडीत दिवसभर स्क्रीनकडे बघत बसणाऱ्या माणसाला आणखी काय पाहिजे, सांगा!

सेकंडहँड डबल कॅब, नवे अलॉय आणि मागचा भाग दीड इंच खाली. एका गॅरेजवाल्याने मागच्या पाट्यांमधला दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढून टाकला. दोन तासांत काम फत्ते. खर्च एका विकेंडच्या पार्टीएवढा.

चार महिन्यांनी टायरकडे लक्ष गेलं आणि पार्टी उतरली. मागच्या डाव्या टायरची आतली कड गुळगुळीत, उजव्याची बाहेरची. मधली नक्षी मात्र ठणठणीत. मग सुरू झाला सल्ल्यांचा पाऊस. एक म्हणाला, हवा जास्त आहे. दुसरा म्हणाला, कमी आहे. तिसरा म्हणाला, गाडी खाली केल्यावर कड जाणारच, स्टाईलची किंमत असते बॉस! मी अलाइनमेंट करून आलो. छापील कागद मिळाला, सगळे आकडे हिरवे. मी खूश.

बाबांना तो कागद दाखवला. बाबा टेल्कोत होते. २००३ मध्ये टेल्कोची टाटा मोटर्स झाली, पण आमच्या घरात अजून टेल्कोच. १९८८ मध्ये टाटामोबाईल पिकअप आली, तेव्हा ते पिंपरीच्या कारखान्यात लाइनवर होते. त्यांनी कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "यात मागच्या चाकांचं काय लिहिलंय?"

काहीच नव्हतं. अलाइनमेंट झाली होती फक्त पुढच्या चाकांची.

"कारचं वेगळं," बाबा म्हणाले. "बऱ्याच गाड्यांत प्रत्येक चाक स्वतंत्र लटकलेलं असतं. गाडी खाली केली की चाकं वरून आत झुकतात आणि आतल्या कडा जातात. तुझ्या पिकअपला मागे एकच सरळ ॲक्सल आहे. गाडी कितीही खाली घे, चाक झुकणार नाही. आणि ॲक्सल वाकला असता तर दोन्हीकडे आतली तरी कड गेली असती, नाहीतर दोन्हीकडे बाहेरची. तुझी एकीकडे आतली, एकीकडे बाहेरची. म्हणजे काय?"

मी गप्प. म्हणजे दोन्ही टायरची उजवी कड! एवढं साधं, पण मला दिसलंच नव्हतं.

मग त्यांनी माझा हात टायरवर आडवा फिरवायला लावला. एका बाजूने गेलं की मऊ, उलट आलं की करवतीसारखं टोचतं. "चाक नुसतं फिरत नाहीये, तिरकं घासत चाललंय."

सोसायटीच्या गेटपाशी पाण्याचं डबकं होतं. त्यातून गाडी सरळ कोरड्या काँक्रीटवर घेतली. मागच्या चाकांचे ओले पट्टे पुढच्यांच्या मागोमाग यायच्याऐवजी थोडे डावीकडे पडले होते. "खेकडा झालाय तुझा," बाबा म्हणाले. मग टेप आली. पुढची चाकं सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजलं. डावीकडे १२ मिलिमीटर जास्त भरलं. डावं चाक मागे सरकलं होतं आणि ॲक्सल तिरका झाला होता. मध्यंतरी स्टिअरिंग किंचित डावीकडे धरावं लागायचं, ते मी रस्त्याच्या नावावर खपवलं होतं. अलाइनमेंटवाल्याने स्टिअरिंग सरळ करून दिलं आणि तो शेवटचा पुरावाही पुसला गेला.

बाबा टॉर्च घेऊन खाली वाकले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

पाटे आणि ॲक्सल एकमेकांना घट्ट धरतात ते यू-बोल्ट. पाटा काढल्यावर जुडी पातळ झाली, पण यू-बोल्ट जुनेच राहिले. नट आटे संपेपर्यंत चढला आणि तिथेच अडकला. पाना म्हणतो टाइट, पाटे मात्र ढिले! सगळा भार आला पाट्यांमधल्या छोट्या सेंटर बोल्टवर आणि डाव्या बाजूचा तो तुटला होता.

त्या शुक्रवारी आम्ही ताम्हिणीतून कोकणात निघणार होतो. मागच्या सीटवर बायको आणि दोन वर्षांची मुलगी. बाबा एवढंच म्हणाले, "टायरचे पैसे गेले ते सोड. घाटात जोरात ब्रेक दाबला असतास आणि हे आणखी सरकलं असतं तर?"

कोकण रद्द. पाटे परत बसले, दोन्हीकडे नवे यू-बोल्ट आणि नवे सेंटर बोल्ट आले. थोडी चालवून नट पुन्हा कसून घेतले. उंची पुन्हा कंपनीची. तसंही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत चालणार नाहीत. हे मला आधीही माहीत होतं. पण फंडा असा असतो, की आपल्याला कोण पकडतंय!

तेव्हा मंडळी, या रविवारी गाडी धुताना टायर वाचा. मधोमध झीज म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडांना म्हणजे कमी. जागोजागी खड्डे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर बघून घ्या. दोन्ही टायरची एकाच बाजूची कड गेली असेल तर टेप काढा. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेही टायर संपला. आणि कारण सापडल्याशिवाय नवा टायर घालू नका, तोही तसाच झिजेल.

डांगे चौकात आता माझ्या पिकअपकडे कुणी बघत नाही. पण परवा पाऊस पडून गेल्यावर मी गेटपाशी मागे वळून पाहिलं. चार चाकांचे दोनच पट्टे होते. सरळ.